जास्वंद, मेरिलिन आणि मालकीचा प्रश्न

(पक्षाच्या सांस्कृतिक अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

न्यूयॉर्क शहरात ९ मे २०२२ रोजी क्रिस्टीज या लिलावसंस्थेने एक चौरस चित्र विक्रीस काढले. त्याची लांबी-रुंदी सुमारे ४० इंच. निळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर एका स्त्रीचा चेहरा : गुलाबी त्वचा, पिवळे केस, पापण्यांवर निळा रंग, लाल ओठ. हे चित्र सुमारे १९ कोटी ५० लाख डॉलरना विकले गेले. विसाव्या शतकातील कोणत्याही कलाकृतीला तोपर्यंत लिलावात एवढी किंमत आली नव्हती. चित्र अँडी वॉरहॉल या अमेरिकी चित्रकाराने १९६४ साली केलेले. चेहरा मेरिलिन मन्रो या अभिनेत्रीचा. विक्रीचे उत्पन्न मुलांच्या आरोग्यासाठी व शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय न्यासाकडे गेले, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.

ज्या वर्षी हा चेहरा रंगला त्याच वर्षी वॉरहॉलने फुलांची एक चित्रमालिका केली. चौरस चौकटीत चार सपाट फुले, गुलाबी, पिवळी, लाल, निळी वा पांढरी; मागे गवत. ही फुले जास्वंदीची आहेत. उष्ण प्रदेशातले, आपल्याकडे दारोदारी फुलणारे आणि गणपतीला वाहिले जाणारे हे फूल अमेरिकी पॉप आर्टचे एक ओळखचिन्ह होऊन बसले.

या दोन चित्रांचे वंशज आज जगभर दिसतात. स्त्रीचा चेहरा आणि उष्ण कटिबंधातील टपोरी फुले एकमेकांत मिसळलेली, भडक रंगांत रंगलेली चित्रे उपाहारगृहांच्या भिंतींवर, पडद्यांवर, कपड्यांवर आणि चहाच्या कपांवर छापलेली असतात. कोठे केसांच्या जागी फुले असतात, कोठे पाकळ्यांतून डोळे पाहत असतात. ही चित्रे प्रसन्न असतात आणि त्यांचा राग यावा असे त्यांत काही नसते. तरीही समाजवादी कार्यकर्त्याने त्यांच्यापुढे क्षणभर थांबून तीन प्रश्न विचारले पाहिजेत. चेहरा कोणाचा? फूल कोणी टिपले? आणि या दोहोंचे मोल कोणाच्या हाती गेले? आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे.

प्रारंभी पॉप आर्टविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही चळवळ १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये उगवली आणि १९६०च्या दशकात अमेरिकेत फोफावली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी कारखान्यांतून उपभोग्य वस्तूंचा लोंढा बाहेर पडला. त्या खपवण्यासाठी जाहिरात आली, रंगीत मासिके आली, दूरचित्रवाणी आली. प्रतिष्ठित कलादालनांत त्या वेळी अमूर्त चित्रकलेचा दबदबा होता. सामान्य माणूस दिवसभर जी चित्रे पाही त्यांना तेथे प्रवेश नव्हता. पॉप चित्रकारांनी सूपचे डबे, थंड पेयांच्या बाटल्या, चित्रकथांच्या चौकटी आणि सिनेनटांचे चेहरे उचलून थेट त्या दालनांत नेऊन टांगले.

यात एक लोकशाहीवादी आशय होता, हे मान्य केले पाहिजे. काही डाव्या टीकाकारांनी पॉप आर्टला भांडवलशाहीची भाटगिरी म्हणून एका वाक्यात निकालात काढले; तो न्याय अपुरा आहे. अभिजनांनी ज्याला हीन म्हटले ते पाहण्यासारखे आहे, असे या चित्रकारांनी ठासून दाखवले. स्वतः वॉरहॉल कामगाराचा मुलगा होता. त्याचे आईवडील आजच्या स्लोव्हाकियातील एका डोंगरी खेड्यातून पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात स्थलांतरित झाले होते. वडील अंगमेहनतीची कामे करीत आणि १९४२ साली, मुलगा शाळेत असतानाच, वारले. सूपचा डबा या मुलाच्या घरी कलेचा विषय नव्हता. ते रोजचे जेवण होते. मात्र चळवळीचा आशय आणि तिचा व्यवहार यांत अंतर पडू शकते, हे राजकीय कार्यकर्त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ते अंतर नेमके कोठे पडले ते पाहण्यासाठी चेहरा आणि फूल या दोहोंचा इतिहास तपासावा लागतो.

प्रथम चेहरा. नॉर्मा जीन या नावाची मुलगी १९२६ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मली आणि अनाथालयात व परक्यांच्या घरी वाढली. १९४४ साली, युद्धकाळात, ती व्हॅन नाइज येथील एका युद्धसाहित्याच्या कारखान्यात मजुरी करीत होती. तेथे वैमानिकरहित लहान विमाने तयार होत. युद्धकार्यात गुंतलेल्या स्त्री-कामगारांची छायाचित्रे घेण्यासाठी सैन्याने एक छायाचित्रकार धाडला आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर ही मुलगी आली. जगातील सर्वांत ओळखीचा ठरलेला हा चेहरा प्रथम व्यावसायिक कॅमेऱ्यात शिरला तो एका कामगार स्त्रीचा चेहरा म्हणून. ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

पुढे ती छायाचित्रांसाठी उभी राहू लागली. १९४६ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीशी करार झाला आणि तिला मेरिलिन मन्रो हे नाव मिळाले. १९४९ साली, काम नसताना, दिनदर्शिकेसाठी तिने नग्न छायाचित्रे काढू दिली. त्याबद्दल तिला ५० डॉलर मिळाले. तिचे नाव झाल्यावर त्याच छायाचित्रांनी दिनदर्शिका खपल्या, आणि १९५३च्या डिसेंबरात प्लेबॉय या नव्या मासिकाचा पहिला अंक खपला. त्या खपातील वाटा तिच्या पदरी पडला नाही. ठरलेल्या पगारावर तिच्याकडून एकाच साच्यातील भूमिका करून घेतल्या जात होत्या. त्याविरुद्ध तिने बंड केले, १९५४च्या अखेरीस हॉलिवुड सोडून न्यूयॉर्क गाठले, स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि वर्षभर कंपनीला दाद दिली नाही. अखेर कंपनीला नवा करार करावा लागला. तिला अबला बाहुली समजणाऱ्यांनी हा मालक-नोकर संघर्ष ध्यानात घेतला पाहिजे. १९६२च्या जूनमध्ये त्याच कंपनीने तिला एका चित्रपटातून काढून टाकले, आणि ५ ऑगस्टच्या पहाटे ती आपल्या घरी मृतावस्थेत आढळली. तेव्हा तिचे वय ३६ होते.

वॉरहॉलने त्याच महिन्यात काम सुरू केले. त्याने आधार घेतला तो १९५३ सालच्या ‘नायगारा’ या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी काढलेल्या एका छायाचित्राचा. म्हणजे आठवण जिवंत बाईची नव्हती. कंपनीने खपासाठी घडवलेल्या मुखवट्याची होती. त्या वर्षीचे सर्वांत महत्त्वाचे चित्र जोडफलकाचे आहे. त्यात हा चेहरा ५० वेळा छापला आहे : डावीकडे २५ भडक रंगांत, उजवीकडे २५ काळ्या शाईत. उजवीकडचे ठसे काही ठिकाणी शाईने बरबटले आहेत आणि कडेला जाता जाता इतके फिके पडले आहेत की चेहरा विरून जातो. हे चित्र लंडनच्या टेट या संग्रहालयाने १९८० साली घेतले.

या चित्राची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. मालाच्या दुकानात डब्यांची चळत लावावी तसा माणसाचा चेहरा लावला की त्या माणसाचे काय होते, हे त्यात दिसते. डावीकडची बाजू खपते आणि उजवीकडची बाजू मरते. भांडवली समाजातील वस्तूकरणावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. हा फलक ती गोष्ट एका दृष्टिक्षेपात सांगतो. वॉरहॉलने ते जाणून केले की नाही, यावर वाद घालण्याचे कारण नाही. चित्र काय दाखवते ते महत्त्वाचे.

परंतु जे चित्र वस्तूकरण दाखवते ते स्वतः वस्तू होण्यापासून सुटत नाही. १९६४ सालच्या चौरस मेरिलिनमध्ये ती विरून जाणारी उजवी बाजू उरलीच नाही. उरला तो एकटा, स्वच्छ, भडक चेहरा. २०२२ साली विक्रमी किमतीला गेला तो हाच. दरम्यान मेरिलिनचे नाव आणि प्रतिमा यांवरील वारसाहक्क २०११ साली नाममुद्रांचा व्यापार करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने विकत घेतले. कारखान्यातील मजूर मुलीचा चेहरा एका कंपनीने घडवला, दुसरीने वारशासह घेतला आणि त्यावरून केलेले चित्र कोट्यवधी डॉलरचे झाले.

आता फूल. अमेरिकेतील ‘मॉडर्न फोटोग्राफी’ या मासिकाच्या जून १९६४च्या अंकात रंगीत छायाचित्रे घरच्या घरी धुण्याच्या यंत्रावर एक लेख आला. रंग कसे बदलता येतात हे दाखवण्यासाठी लेखासोबत जास्वंदीच्या फुलांचे एकच छायाचित्र वेगवेगळ्या छटांत पुन्हा पुन्हा छापले होते. ते पॅट्रिशिया कॉलफील्ड या स्त्री-छायाचित्रकाराने घेतले होते, आणि ती त्या मासिकाची कार्यकारी संपादक होती. मूळ छायाचित्रात सात फुले होती. वॉरहॉलने त्यांतील चार निवडली, एक थोडे सरकवून व फिरवून चौकट चौरस केली, मधल्या छटा काढून टाकून काळे-पांढरे तेवढे ठेवले आणि त्यावर सपाट रंग चढवले. पुंकेसरांचा नाजूक दांडा, पाकळीवरच्या शिरा, सारे गेले. फूल इतके सपाट झाले की ते कोणत्या जातीचे आहे यावरच समीक्षकांचे एकमत होईना.

ही चित्रे १९६४च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली कलादालनात मांडली गेली आणि हातोहात विकली गेली. पुढे १९६५ साली पॅरिसमध्ये प्रदर्शन झाले. कॉलफील्डचे नाव कोठेही नव्हते. तिला विचारले गेले नव्हते आणि तिला काही देण्यात आले नव्हते. १९६६ साली तिने दावा दाखल केला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. तिला मोबदला आणि पुढील छापील आवृत्त्यांच्या उत्पन्नात वाटा मिळाला. या प्रकरणानंतर वॉरहॉल मासिकांतील छायाचित्रे उचलण्याबाबत सावध झाला आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर अधिकाधिक विसंबू लागला. एका स्त्रीने आपल्या श्रमाचा हिशेब मागितला, त्याचा हा परिणाम. कलेच्या इतिहासात तो बहुधा एखाद्या तळटीपेत सापडतो.

जास्वंदीचे खरे फूल सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळपर्यंत मिटते. ते टिकावे म्हणून कोणी तरी योग्य प्रकाशाची वाट पाहतो, कोन निवडतो, रंग सांभाळतो. ते कौशल्य कॉलफील्डचे होते. चित्रात जे रूप राहिले आहे त्याचा मूळ आराखडा तिच्या डोळ्याने ठरवला होता. वॉरहॉलने त्यात भर घातली नाही असे नाही. त्याची भर मोठी होती. परंतु दोघांच्या श्रमांचा गुणाकार झाला आणि उत्तराखाली सही एकाची पडली.

हे केवळ एका फुलाबाबत घडले असे नाही. ते चित्र करण्याच्या पद्धतीतच होते. ही चित्रे कुंचल्याने रेखाटलेली नाहीत, त्यांचे ठसे स्क्रीन प्रिंटिंगने उठवले आहेत. ज्यांनी मोर्चासाठी कापडी फलक छापून घेतले आहेत त्यांना ही पद्धत ठाऊक आहे. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणायचे, त्यावर प्रकाशाला घट्ट होणारा लेप द्यायचा, छायाचित्राच्या फिल्ममधून प्रकाश टाकायचा, न घट्टलेला भाग पाण्याने धुऊन काढायचा, आणि मग चौकटीत शाई ओतून रबरी पट्टीने ती दाबत ओढायची. शाई किती, दाब किती, ओढ किती वेगाची, यावर ठसा ठरतो. हे हाताचे काम आहे. वॉरहॉलने १९६३च्या जूनमध्ये या कामासाठी जेरार्ड मलांगा या तरुण कवीला मदतनीस म्हणून घेतले, तासाला सव्वा डॉलर या दराने. तो त्या वेळी किमान वेतनाच्या आसपासचा दर होता. १९६४च्या आरंभी जेथे काम सुरू झाले त्या जागेला ‘फॅक्टरी’ म्हणजे कारखाना असे नाव पडले. नाव थट्टेने ठेवले असेल, पण व्यवहार थट्टेचा नव्हता. अनेक हातांचे काम, जेमतेम वेतन आणि एकाची मुद्रा, ही कारखान्याची व्यवस्था तेथे जशीच्या तशी होती.

आणखी एका स्त्रीचा उल्लेख येथे अगत्याचा आहे. वॉरहॉलची आई ज्यूलिया हिने गरिबीच्या दिवसांत रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून आणि कागद दुमडून फुले केली आणि ती पिट्सबर्गमध्ये दारोदार फिरून विकली. पुढे ती मुलाकडे न्यूयॉर्कला राहू लागली. तो जाहिरातींसाठी चित्रे काढी तेव्हा त्यांवरील वळणदार अक्षरे अनेकदा आईच्या हातची असत. १९५८ साली एका तबकडीच्या वेष्टनावरील अक्षरांना व्यावसायिक संस्थेचे पारितोषिक मिळाले, ते ‘अँडी वॉरहॉलची आई’ या नावाने. डबा आणि फूल या दोन वस्तूंनी मुलगा जगप्रसिद्ध झाला. डब्यांच्या पत्र्याची फुले करणाऱ्या बाईचे स्वतःचे नाव मात्र पारितोषिकावरही आले नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. समाजवादी माणूस खासगी मालकीचा टीकाकार असतो. मग छायाचित्रावरील मालकीसाठी त्याने का भांडावे? कला तर नेहमीच उसनवारीने वाढत आली आहे. जात्यावरची ओवी कोणी रचली हे कोणी विचारत नाही. अंगणातील रांगोळीचे ठिपके कोणाच्या नावावर नोंदलेले नाहीत. एकीने म्हटलेली ओवी दुसरीने उचलायची, त्यात आपले दुःख घालायचे आणि पुढे द्यायचे, ही जिवंत परंपरा आहे. वॉरहॉलने तेच केले असे का म्हणू नये?

उत्तर असे की ओवी उचलणारी बाई ती पुन्हा सर्वांच्या स्वाधीन करते. तिच्या उचलण्याने मूळ बाईचे काही कमी होत नाही आणि नंतर येणारीला दाम मोजावे लागत नाही. समाईक धन समाईकच राहते. फुलांच्या चित्रांत झाले ते उलट. घेताना ‘सर्व प्रतिमा सर्वांच्या’ हा न्याय लावला आणि विकताना ‘ही प्रतिमा माझी’ हा. तोटा समाजाचा आणि नफा खासगी, ही नीती कारखान्याच्या सांडपाण्यात जशी दिसते तशीच येथे दिसते. समाजवाद्याचा विरोध उसनवारीला नाही. एकतर्फी उसनवारीला आहे.

हीच गोष्ट संख्येच्या अंगानेही पाहता येते. यंत्राने प्रतिमा अनेक झाली की ती स्वस्त व्हावी, अशी अपेक्षा असते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला गेला. कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीचे छापील चित्र त्यामुळे संस्थानिकाच्या महालातून निघून सामान्य माणसाच्या भिंतीवर आले. त्या चित्रांच्या आशयाविषयी मतभेद असू शकतात, परंतु प्रत वाढली आणि किंमत उतरली हे खरे. पॉप आर्टने यंत्र वापरले, एकच ठसा शेकडो वेळा उठवला, आणि तरीही प्रत्येक ठसा दुर्मीळ म्हणून विकला. बहुजनांची प्रतिमा आणि बहुजनांचे तंत्र घेऊन मोजक्यांसाठी माल तयार झाला. लोकशाहीवादी आशय आणि व्यवहार यांतील अंतर ते हेच.

हा वाद जुना होऊन संपलेला नाही. लिन गोल्डस्मिथ या स्त्री-छायाचित्रकाराने १९८१ साली प्रिन्स या गायकाचे छायाचित्र घेतले होते. १९८४ साली एका मासिकाने ४०० डॉलर देऊन, एकदाच वापरण्याच्या अटीवर, ते वॉरहॉलला आधार म्हणून दिले. त्यावरून वॉरहॉलने एक नव्हे, १६ चित्रे केली. २०१६ साली गायकाच्या निधनानंतर प्रकाशनसंस्थेने त्यांतील दुसरेच चित्र मुखपृष्ठावर छापले. वॉरहॉलच्या नावाच्या प्रतिष्ठानाला १०,००० डॉलर मिळाले, गोल्डस्मिथला काहीच नाही, नावाचा उल्लेखही नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ मे २०२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय गोल्डस्मिथच्या बाजूने लागला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी लिहिला. मासिकाला गायकाचे चित्र भाड्याने देणे हा दोघांचाही एकच धंदा होता. नवी शैली चढवली एवढ्यावरून मूळ छायाचित्रकाराचा मोबदला बुडवता येणार नाही, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मत दिले : अशा निर्णयाने जुन्यातून नवे घडवण्याची कलेची वाट अरुंद होईल.

केगन यांची चिंता क्षुल्लक नाही. प्रतिमांवरील हक्क बहुतेक वेळा गरीब छायाचित्रकाराच्या हाती नसतात. ते कंपन्यांच्या तिजोरीत असतात, आणि त्यांच्या धाकाने नवा कलावंत गप्प बसू शकतो. मेरिलिनच्या चेहऱ्याचीच गोष्ट पाहा : कायदा तिचे रक्षण करायला आला नाही, तिच्या पश्चात व्यापाऱ्यांच्या मदतीला मात्र आला. म्हणून समाजवादी भूमिका मालकीच्या बाजूने असू नये. ती श्रमाच्या बाजूने असावी. प्रतिमा वापरायला मोकळीक असावी, परंतु त्या वापरातून पैसा झाला तर ज्यांच्या श्रमातून ती निघाली त्यांचा वाटा आणि त्यांचे नाव बुडू नये. मुक्त वापर आणि न्याय्य मोबदला यांत विरोध नाही. विरोध दिसतो तो, मधे उभा असलेला दलाल दोन्ही बाजूंनी घेतो म्हणून.

आता कोणी विचारील की चेहरा आणि फूल यांचे चित्र याहून वेगळे होऊ शकले असते काय? होऊ शकते, आणि झालेही. लंडनमध्ये पॉलीन बोटी नावाची चित्रकार होती, जन्म १९३८चा. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकलेच्या विभागात मुलींना प्रवेश मिळणे अवघड, असे सांगितले गेल्यामुळे तिने रंगीत काचकामाच्या विभागात शिक्षण घेतले. ब्रिटिश पॉप आर्टच्या संस्थापकांत तिची गणना होते. मेरिलिनच्या मृत्यूच्या वर्षीच, १९६२ साली, तिनेही तिचे चित्र केले. त्यात हसरा चेहरा आहे आणि त्याच्याभोवती लाल गुलाब आहेत. जास्वंद नसेल, पण फूल आणि स्त्री यांचा तोच मेळ आहे. दोन्ही कडांनी करडे पट्टे मध्ये सरकत आले आहेत, जणू पडदा पडत आहे. हे चित्र आज वुल्व्हरहॅम्प्टनच्या कलासंग्रहालयात आहे.

बोटीनेही मासिकांतील छायाचित्रांचाच आधार घेतला. मात्र तिने तो चेहरा हाताने, कुंचल्याने रंगवला. त्याला एकदा जवळून पाहिले. तिच्या चित्रातील मेरिलिन डब्यांच्या चळतीतील डबा वाटत नाही. निरोप देण्याजोगी मैत्रीण वाटते. बोटीला स्वतःला हा अनुभव होता. ती सुंदर होती, अभिनय करी, आणि वृत्तपत्रांना तिच्या चित्रांपेक्षा तिच्या छायाचित्रांत रस होता. पाहणारी आणि पाहिली जाणारी, या दोन्ही बाजू तिने जगून पाहिल्या होत्या. १९६३ साली तिने क्यूबाच्या क्रांतीवर चित्र केले. पुढे ‘हे जग पुरुषांचे’ अशा अर्थाच्या शीर्षकाची दोन चित्रे केली : एकात नामांकित पुरुषांचे चेहरे, दुसऱ्यात स्त्रियांची नग्न शरीरे. पुरुषाला नाव आणि स्त्रीला अंग, ही वाटणी तिने शेजारी शेजारी मांडून दाखवली.

१९६५ साली, गर्भवती असताना, तिला कर्करोग असल्याचे आढळले. गर्भाला अपाय होऊ नये म्हणून तिने उपचार नाकारले आणि मुलीच्या जन्मानंतर काही महिन्यांनी, १ जुलै १९६६ रोजी, वयाच्या २८व्या वर्षी ती वारली. तिची चित्रे पुढे पंचवीसेक वर्षे भावाच्या शेतावरील कोठारात पडून होती. १९९०च्या दशकात ती शोधून काढली गेली आणि १९९३ साली लंडनच्या बार्बिकन केंद्रातील प्रदर्शनात लोकांपुढे आली. वॉरहॉलची फुले लाखोंच्या भावाने फिरत होती त्या काळात बोटीचे गुलाब धूळ खात होते. दोघांच्या प्रतिभेची तुलना येथे करावयाची नाही. बाजार काय उचलतो आणि काय कोठारात टाकतो, एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे.

साथींनो, या साऱ्याचा चळवळीशी संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनात असेल तर त्याने पक्षाच्याच भिंतीकडे पाहावे. महिला मेळाव्याच्या पत्रकावर एखाद्या कष्टकरी बाईचा चेहरा छापला जातो. तो सुंदर दिसतो, डोळ्यांत करारीपणा असतो, कोपऱ्यात फूल वा कणीस असते. ती बाई कोण, तिला विचारले होते काय, छायाचित्र कोणी घेतले, फलक कोणत्या कारागिराने कोणत्या मजुरीवर ओढला, याची नोंद किती वेळा ठेवली जाते? हेतू चांगला असला म्हणजे चेहरा फुकट होत नाही. भांडवलदाराने चेहरा खपासाठी वापरला आणि चळवळीने शोभेसाठी वापरला, तर त्या बाईच्या दृष्टीने फरक थोडाच पडतो.

म्हणून काही साधे नियम पाळता येतील. ज्या स्त्रीचा चेहरा छापायचा तिला तो छापण्यापूर्वी दाखवावा आणि तिची संमती घ्यावी. तिची हरकत नसेल तर तिचे नावही द्यावे. छायाचित्रकार, चित्रकार आणि अक्षरे काढणारा यांची नावे पत्रकाच्या खाली छापावी. स्क्रीन ओढणाऱ्या कारागिराला ‘पक्षाचे काम आहे’ असे सांगून कमी मजुरी देऊ नये. आणि मेळाव्यात व्यासपीठावर फुले व स्त्रिया यांची गणना सजावटीत होणार नाही, याची दक्षता घ्यावी. त्यासाठी निधी लागत नाही, ठरावही लागत नाही. पुढच्या पत्रकाचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी खालची एक ओळ वाढवली की सुरुवात होते.